डॉ. मायकेल ओक्पारा : पामतेल, शेतवसाहती आणि राजा नसलेल्या समाजाचा प्रीमियर

नायजरकाठ

नायजेरियाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बियाफ्राच्या युद्धापाशी (१९६७ मध्ये पूर्व नायजेरिया फुटून निघाला, तेव्हाचं) आणि उपासमारीच्या फोटोंपाशी येऊन थांबते. त्याआधीची सहा-सात वर्षं त्या मुलखात काय चाललं होतं, हे मराठीत जवळपास कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा डॉ. मायकेल इहेओनुकारा ओक्पारा यांच्यावर. १९५९ च्या अखेरीपासून जानेवारी १९६६ पर्यंत ते पूर्व नायजेरियाचे प्रीमियर होते. आपल्या हिशेबाने प्रांताचे मुख्यमंत्री. युद्धाने त्यांचं शेतीचं काम झाकून टाकलं. माझ्या मते या माणसाचं मोजमाप व्हायला हवं ते त्या शेतीवरच.

आधी आयुष्य थोडक्यात. डिसेंबर १९२० मध्ये उमुआहियाजवळच्या ओहुहु भागात जन्म. वडील मजूर. मिशनच्या शाळा, मग उझुआकोलीचं मेथडिस्ट कॉलेज, तिथून शिष्यवृत्तीवर लागोसच्या याबा हायर कॉलेजात वैद्यकीय शिक्षण. थोडे दिवस सरकारी डॉक्टर, नंतर उमुआहियात स्वतःचा दवाखाना. त्याच काळात झिकिस्ट चळवळीशी संबंध आला. ही स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे देशाचे अध्यक्ष झालेले नामदी अझिकिवे यांना मानणाऱ्या जहाल तरुणांची चळवळ. नोव्हेंबर १९४९ मध्ये पूर्वेची राजधानी एनुगूच्या इव्हा व्हॅली कोळसा खाणीत पोलिसांनी गोळीबार केला, २१ कामगार ठार झाले. त्यानंतर चिथावणीच्या आरोपावरून ज्यांना पकडलं त्यांत ओक्पारा होते, पुढे सुटले.

१९५२ मध्ये अझिकिवेंच्या एनसीएनसी पक्षातर्फे पूर्वेच्या विधानसभेत आले. लगेच १९५३ मध्ये पक्षात फूट पडली. एनुगूतल्या मंत्र्यांनी पक्षाचा आदेश धुडकावला, राजीनामे द्यायला नकार दिला. ओक्पारा अझिकिवेंच्या बाजूने राहिले. पुढच्या सहा वर्षांत आरोग्य, शेती, उत्पादन अशी खाती त्यांच्याकडे आली. तोवर प्रीमियर असलेले अझिकिवे केंद्रात गेल्यावर ३९ व्या वर्षी ते प्रीमियर झाले आणि १९६० मध्ये पक्षाध्यक्षही. १९६१ च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाने १४६ पैकी १०६ जागा घेतल्या.

नावाबद्दल एक. 'ओक्पारा' हा इग्बो शब्द आहे (इग्बो म्हणजे पूर्वेतला सर्वांत मोठा समाज आणि त्यांची भाषा), अर्थ थोरला मुलगा. त्यातला 'क्प' हे जोडाक्षर नाही, एकच व्यंजन आहे. ओठ आणि जिभेची मागची बाजू एकाच वेळी सुटतात. आपण 'ओक्-पारा' असं तोडून म्हणतो ते त्यांच्या कानाला वेगळं लागतं.

रानमोगरा

छान विषय. शीर्षकात 'राजा नसलेल्या समाजाचा' म्हटलंय ते जरा उलगडून सांगाल का? नायजेरियात तर जिकडे तिकडे राजे आणि अमीर दिसतात.

नायजरकाठ

रानमोगरा, उत्तरेत अमीर आणि पश्चिमेत योरुबांचे ओबा, हे बरोबर. इग्बो मुलखात मात्र 'इग्बो एन्वे एझे' अशी म्हणच आहे: इग्बोंना राजा नसतो. ओनित्शासारख्या काही गावांत राजेपद जुनं आहे, पण बहुतेक ठिकाणी कारभार भावकीचा. एका पूर्वजाची मुलं म्हणजे उमुन्ना. सर्वांत थोरल्या शाखेचा थोरला पुरुष 'ओफो' सांभाळतो. ही एका विशिष्ट झाडाची काठी, सत्य आणि न्यायाची खूण. पण तो हुकूम देऊ शकत नाही. बैठकीत सगळे बोलतात आणि एकमत होईपर्यंत बैठक चालते. माहेरवाशिणींची वेगळी सभा असते, तिला उमुआदा म्हणतात. भावकीतल्या भांडणात ती सभा बसली की पुरुषांनाही ऐकावं लागतं.

इंग्रजांना कारभार चालवायला कुणीतरी 'प्रमुख' हवा होता. त्यांनी गावोगावी सनदी प्रमुख नेमले, ज्यांना लोकांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. १९२९ मध्ये बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली आणि ओलोको, आबा, पुढे थेट किनाऱ्यापर्यंत हजारो स्त्रिया त्या प्रमुखांच्या दारात जाऊन बसल्या. गोळीबारात ५० हून अधिक बायका गेल्या. सनदी पद्धत त्यानंतर मोडीत निघाली.

म्हणजे उत्तरेचे प्रीमियर अहमदू बेलो यांच्यामागे सोकोटोची गादी होती, तसं ओक्पारांच्या मागे काही नव्हतं. गावसंघ होते, पक्ष होता आणि बोलण्याची ताकद होती. सभेत लोक 'एम. आय. पॉवर' म्हणून त्यांचा घोष करत.

तिसरा_फळा

गावसंघांवर थोडं जास्त लिहितो, कारण त्याशिवाय पूर्वेचं राजकारण कळत नाही.

एका गावचे लोक लागोस, जोस, कानो, पोर्ट हारकोर्ट इथे नोकरी-व्यापाराला गेले की तिथे गावाची शाखा काढायची. महिन्याला एक बैठक, ठरलेली वर्गणी, गैरहजेरीला दंड, उशिरालाही दंड. खजिनदार वेगळा, हिशेब वाचून दाखवायचा. नाताळात सगळ्या शाखा गावी जमत आणि वर्षाचं काम ठरवत: शाळा, प्रसूतिगृह, पूल, नाहीतर गावातल्या एका हुशार मुलाला विलायतेला पाठवायचं. वर्गणी चुकवणाऱ्याला गावात लग्नकार्याला किंवा मयतीला माणसं मिळायची नाहीत. या धाकावर सगळं चालायचं. या सगळ्यांच्या वर इग्बो स्टेट युनियन.

राजकारण्याला याचा फायदा उघड होता. यादी, पैसा आणि माणसं तयार. तोटाही तिथेच होता. प्रत्येक संघाला आपल्या गावात शाळा हवी, आपल्या रस्त्यावर डांबर हवं. अझिकिवेंच्या सरकारने १९५७ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. शाळांनी आणि शिक्षकांच्या पगारांनी अंदाजपत्रक खाऊन टाकलं. दुसऱ्याच वर्षी वरच्या इयत्तांना फी लावावी लागली आणि स्त्रिया पुन्हा रस्त्यावर उतरल्या. ओक्पारा मंत्री असताना हे सगळं डोळ्यांदेखत घडलं. शाळा काढायच्या तर आधी उत्पन्न देणारी जमीन हवी, ही त्यांची नंतरची धारणा याच अनुभवाच्या पाठोपाठ आलेली दिसते.

मधलीओळ

बैठकीचा विषय निघाला आहे तर कोला (पाहुण्यांना द्यायचं कडवट फळ) फोडण्याचा क्रम लिहून ठेवते. इग्बो मुलखात सभा असो, सोयरीक असो की प्रचाराचा दौरा, सुरुवात यानेच.

यजमान लाकडी तबकात कोला आणतो. तबक थेट पाहुण्याला देत नाहीत. नात्याच्या आणि गावांच्या ठरलेल्या क्रमाने ते एकेका गटाच्या माणसाला 'दाखवत' फिरवतात आणि ते परत यजमानाच्या हाती येतं. क्रम चुकला तर तिथेच वाद होतो, कारण कोण कुणाच्या आधी हे सगळ्यांसमोर ठरत असतं. मग सर्वांत वडीलधारा प्रार्थना म्हणतो, तीही इग्बोतच. कोलाला इंग्रजी कळत नाही असं म्हणतात. पाहुणे निघताना एक कोला घरी न्यायला देतात, घरच्यांना दाखवायला.

फळ कोणतं हेही महत्त्वाचं. बाजारात मिळणारा दोन डाळींचा 'ग्वोरो' चालत नाही, 'ओजी इग्बो' लागतो. फोडल्यावर किती पाकळ्या निघतात ते मोजतात. चार निघाल्या तर उत्तम, कारण इग्बो आठवडा चार बाजारदिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. तीन निघाल्या तर शूरांचा कोला. कोला आणणारा जीवन आणतो, असं वाक्य प्रत्येक सभेत कानावर पडतं.

दर्यावर्दी

ओसूंबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज, त्यांच्याशी लग्न नाही, जमीन आणि वस्ती वेगळी. पूर्वेच्या विधानसभेने १९५६ मध्ये कायदा करून ही प्रथा रद्द केली, एखाद्याला ओसू म्हणणंही गुन्हा ठरवलं. तेव्हा ओक्पारा मंत्रिमंडळात होते. कायदा झाला, पण सोयरीक ठरवताना मुलाचे किंवा मुलीचे लोक गुपचूप त्या गावात जाऊन चौकशी करतात, तो प्रकार थांबला नाही. खटले जवळजवळ उभेच राहत नाहीत, कारण चौकशी तोंडी असते आणि नकाराला दुसरंच कारण दिलं जातं.

नायजरकाठ

दर्यावर्दी, बरं झालं लिहिलंत.

आता मूळ मुद्दा, पाम. पूर्व नायजेरियाचा पैसा म्हणजे पामतेल आणि पामच्या बिया. खनिज तेल ओलोइबिरीला १९५६ मध्ये सापडलं आणि १९५८ पासून निर्यात सुरू झाली, पण ओक्पारांच्या काळात घराघरात येणारा पैसा पामचाच होता. तरी झाडं लावलेली नव्हती. रानात आपोआप उगवलेली, उंच, घरातल्या पुरुषाने दोर लावून चढायचं.

ही सगळी ड्यूरा जातीची. कवच जाड, गर कमी. ड्यूरा आणि बिनकवचाची पिसिफेरा यांचा संकर केला की टेनेरा मिळते: कवच पातळ, गर फळाच्या ६० टक्क्यांच्या वर. बेनिनजवळच्या पाम संशोधन केंद्रात हे बियाणं तयार होत होतं. सरकारने पामची जुनी राई तोडून टेनेरा लावण्याची योजना आणली. रोपं, खत आणि हप्त्याहप्त्याने रोख अनुदान.

अडचणी कुठे आल्या ते महत्त्वाचं.

पहिली, अंतर. टेनेरा ९ मीटरच्या त्रिकोणात लावतात, एकरी ५८-६० झाडं. त्यासाठी सलग तुकडा लागतो. इग्बो कुटुंबाची जमीन चार ठिकाणी विखुरलेली. शिवाय जमीन भावकीची आणि त्यावरचं पामचं झाड भलत्याच माणसाच्या हक्काचं, असं सर्रास असतं. सात जणांची संमती मिळवता मिळवता लागवडीचा पाऊस निघून जायचा.

दुसरी, मधली वर्षं. जुनं झाड तोडलं की तेल थांबलं. नवं झाड चौथ्या वर्षी थोडं देऊ लागतं, सातव्या-आठव्या वर्षी पूर्ण. म्हातारं झाडही तेल देतं, ताडी देतं, झाडू आणि छपराला झावळ्या देतं. ते तोडायला हात धजत नाही, यात शेतकऱ्याचं काही चुकत नव्हतं.

तिसरी, बियाणं. टेनेराची फळं फार चांगली लागली म्हणून त्याच झाडाचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत साधारण चौथा हिस्सा ड्यूरा, अर्धी टेनेरा आणि चौथा हिस्सा पिसिफेरा. पिसिफेरा बहुधा फळच धरत नाही. म्हणजे दर वेळी केंद्राचंच बियाणं हवं. ज्यांना हे नीट समजावलं गेलं नाही त्यांच्या शेतात सहाव्या वर्षी वांझ झाडं उभी राहिली असती, त्यामुळे रोपवाटिका सरकारी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अनुस्वार

यात तेल काढण्याची बाजू जोडतो, कारण खरी ठिणगी तिथे पडली होती.

घड उतरवल्यावर फळं सुटायला चार-पाच दिवस ढीग घालून ठेवायची जुनी पद्धत. तेवढ्यात फळाला मार लागलेल्या जागी तेल फुटून आम्लता वाढते. १९५० मध्ये खरेदी मंडळाने खास प्रत काढली, मुक्त आम्ल ४.५ टक्क्यांच्या आत, आणि तिला चढा भाव दिला. मग लोक फळ एक-दोन दिवसांत शिजवू लागले. भावातल्या फरकाने जे साधलं ते उपदेशाने साधलं नसतं.

हाताने, म्हणजे शिजवून उखळात कांडून, पाण्यात मळून तेल काढलं तर फळातलं निम्म्याच्या आसपास तेल मिळतं. हाताने फिरवायच्या स्क्रू प्रेसने ६५ टक्क्यांपर्यंत. पायोनियर मिल, म्हणजे इंजिनावरचा छोटा कारखाना, ८५ टक्क्यांपर्यंत जाते. कागदावर मिल चांगलीच. पण इग्बो आणि शेजारच्या समाजांत रिवाज असा की तेल नवऱ्याचं, आणि फोडून काढलेली बी बायकोची. मीठ, कपडा, मुलाची पाटी या बियांच्या पैशातून. मिल अख्खं फळ पुरुषाकडून विकत घेते, बी मिलमध्येच राहते. बाईचं उत्पन्न एका फटक्यात शून्य. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे अनेक ठिकाणी स्त्रियांनी मिलला विरोध केला तो यासाठी. स्क्रू प्रेस मात्र भराभर पसरली, कारण ती घराजवळ चालते आणि बी घरातच राहते. लहान यंत्र कमी तेल काढूनही जिंकलं.

रानमोगरा

अनुस्वार, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मग शेतवसाहतींत हा प्रश्न कसा सोडवला?

तिसरा_फळा

रानमोगरा, सोडवला नाही, बाजूला ठेवला. वसाहतीत जमीन सरकारची, मिलही वसाहतीची.

ओक्पारा इस्रायलला गेले होते आणि तिथल्या मोशावनी भारावून आले: प्रत्येकाचं शेत स्वतःचं, खरेदी-विक्री सहकारी. १९६२-६८ च्या विकास योजनेत पूर्वेत अशा वसाहती सुरू झाल्या. ओहाजी, इग्बारियाम, उलोन्ना, एरेई, बोकी, उझो-उवानी. इस्रायली तज्ज्ञही आले. ओहाजी, इग्बारियामला मुख्यतः पाम, उझो-उवानीच्या सखल भागात भात.

रीत अशी. गावांकडून हजारो एकर सलग जमीन सरकारने घ्यायची. मोजणी, रस्ते, मध्यभागी घरांचं खेडं. जंगल यंत्राने साफ करायचं. अर्जांतून तरुण निवडायचे, प्रशिक्षण द्यायचं, प्रत्येकाला ठरलेलं शेत. झाडं फळाला येईपर्यंत दरमहा निर्वाहभत्ता. घर, साफसफाई, रोपं, भत्ता हे सगळं कर्ज म्हणून त्याच्या नावावर, उत्पन्न सुरू झालं की फेडायचं. कल्पना ही की शिकलेला मुलगा शेतीतून कारकुनाइतकं कमावतो हे दिसलं की बाकीचे शहराकडे धावणार नाहीत.

चुकलं कुठे? खर्च सर्वांत आधी. पक्की घरं आणि यंत्रं यांनी दर कुटुंबामागचा खर्च इतका वाढला की तेवढ्यात कितीतरी गावकऱ्यांना त्यांच्याच जमिनीवर रोपं देता आली असती. यंत्राने जंगल काढणं ही दुसरी चूक. त्या भागातली जमीन वाळूमिश्रित आणि आम्लधर्मी, कस फक्त वरच्या काही इंचांत. बुलडोझरचं पातं तोच थर ढकलून कडेला ढीग घालतं. कोयत्याने तोडून, जाळून, मुळं तशीच ठेवून लावलेली जमीन तुलनेने चांगली राहते.

तिसरी गोष्ट माणसांची. भत्ता महिन्याला मिळतो म्हटल्यावर वसाहतकरी स्वतःला सरकारी नोकर समजू लागले. भत्ता उशिरा आला की काम थांबायचं. अधिकारीही त्यांना मजुरांसारखेच वागवत. आणि ज्या गावांनी जमीन दिली त्यांची मुलं निवडीत थोडी, बाहेरची जास्त, त्यामुळे कुंपणाबाहेर रोजचा रोष.

तरी मी याला फसवी योजना म्हणणार नाही. पाम म्हणजे तीस वर्षांचा हिशेब. १९६२-६३ मध्ये लावलेलं झाड भरात येणार १९७० च्या सुमाराला. १९६७ मध्ये युद्ध सुरू झालं. हिशेब मांडायची वेळच आली नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा

इथे कोकणाशी खरा धागा आहे, तो काजूचा. पूर्व नायजेरियाच्या विकास महामंडळाने १९५० च्या दशकात ओजी, उदी आणि म्बाला इथे काजूची लागवड केली. नायजेरियातली व्यापारी काजूची सुरुवात म्हणतात ती हीच. ओक्पारा तेव्हा मंत्री होते. उदीच्या उतारावर माती वाहून घळी पडतात, काही ठिकाणी घरंच्या घरं गिळणाऱ्या. काजू निकस वाळूत तग धरतो, फांद्या जमिनीलगत पसरतात आणि पावसाचा मार अंगावर घेतो. बी पासून पैसा हा नंतरचा विचार.

आज सिंधुदुर्ग, चंदगड, आजऱ्याच्या काजू कारखान्यांत आपली बी संपली की पश्चिम आफ्रिकेतली बी लागते, तीत नायजेरियाचीही असते. तिथला हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. व्यवहार उताऱ्यावर चालतो: ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल. नायजेरियन मालाला ४५ ते ४८ धरतात. किलोत १८०-२०० बिया, म्हणजे बी पाच-साडेपाच ग्रॅमची. आपल्या वेंगुर्ला-४ ची बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास आणि वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅम. हा फरक जातीचा आहे. तिकडे बहुतेक झाडं बियांपासून वाढलेली, कलमी नाहीत.

माल बिघडतो तो ओलाव्याने. बोंडापासून सोडवल्यावर दोन-तीन दिवस उन्हात पातळ पसरून ८-९ टक्क्यांपर्यंत वाळवायला हवी. घाईने ढीग घातला किंवा प्लास्टिकच्या पोत्यात भरला तर जहाजात घाम धरतो, गर आतून काळसर पडतो आणि उतारा ४० च्या खाली येतो. तागाचं पोतं आणि खाली लाकडी फळ्या, एवढंच लागतं.

दर्यावर्दी

राजकारणाचा भागही आकड्यांनिशी यायला हवा. ओक्पारांची सगळ्यात मोठी झुंज जनगणनेवरची.

केंद्रातल्या जागा लोकसंख्येवर. १९६२ ची मोजणी वादात रद्द झाली. नोव्हेंबर १९६३ ची पुन्हा केली, तिचे आकडे फेब्रुवारी १९६४ मध्ये आले. एकूण ५ कोटी ५६ लाख. उत्तर २ कोटी ९८ लाख, पूर्व १ कोटी २४ लाख, पश्चिम १ कोटी ३ लाख, मध्य-पश्चिम २५ लाख, बाकी लागोस. म्हणजे ३१२ पैकी १६७ जागा एकट्या उत्तरेच्या. बाकीचे सगळे एक झाले तरी १४५. ओक्पारांनी आकडे सपशेल फेटाळले, त्यांचं सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण न्यायालयाने दाद दिली नाही. त्यांच्याच पक्षाचे मध्य-पश्चिमेचे प्रीमियर ओसादेबे यांनी शेवटी आकडे मान्य केले, आणि पक्ष आतून चिरला. इथे हेही सांगायला हवं की १९६२ मध्ये फुगवलेले आकडे पूर्वेतूनही आले होते.

मग उत्तरेच्या एनपीसी पक्षाशी असलेली केंद्रातली युती प्रत्यक्षात संपली आणि ओक्पारांनी पश्चिमेच्या ॲक्शन ग्रुप पक्षाबरोबर यूपीजीए ही आघाडी बांधली. ३० डिसेंबर १९६४ ला मतदान. उत्तरेत यूपीजीएच्या अनेक उमेदवारांना अर्जच भरू दिला नाही, साठहून अधिक विरोधक बिनविरोध निवडून आले असं दिसल्यावर आघाडीने बहिष्कार पुकारला. पूर्वेत सरकारच त्यांचं, म्हणून तिथे मतदान झालंच नाही. पश्चिमेत आणि इतरत्र अर्धवट झालं. बहिष्कार सगळीकडे सारखा पाळला गेला नाही की तो विरोधकांच्याच पथ्यावर पडतो, तसंच झालं. अध्यक्ष अझिकिवे यांनी एनपीसीचे पंतप्रधान बलेवा यांना सरकार बनवायला बोलवायला चार दिवस नकार दिला. सैन्य कुणाचं ऐकणार हा प्रश्न उभा राहिला आणि ४ जानेवारी १९६५ ला तडजोड झाली. पूर्वेत मतदान मार्चमध्ये घेतलं.

माझ्या मते ओक्पारांची चूक बहिष्कारात नव्हती, उशिरात होती. अर्ज नाकारले जात होते तेव्हाच, मतदानाच्या दोन आठवडे आधी, तो पुकारला असता तर गावोगावच्या शाखांपर्यंत निरोप पोचला असता.

मधलीओळ

पूर्व म्हणजे फक्त इग्बो नव्हे, हेही या धाग्यात यायला हवं. इबिबियो, एफिक, इजॉ, ओगोनी, एकोई... कालाबार-ओगोजा-रिव्हर्स असं वेगळं राज्य मागणारी चळवळ ओक्पारा प्रीमियर व्हायच्या आधीपासूनची. १९५७-५८ च्या विलिंक आयोगापुढे या लोकांनी भीती मांडली की नोकऱ्या, कंत्राटं, रस्ते इग्बो भागात जातात. आयोगाने भीती खरी मानली, वेगळं राज्य दिलं नाही. ओक्पारांच्या सरकारने पोर्ट हारकोर्टला ट्रान्स-आमादी औद्योगिक वसाहत वाढवली, उमुआहियाला बिअरचा कारखाना आणि सिरॅमिक्स आणले. पण खनिज तेल ज्या इजॉ गावांतून निघत होतं तिथे काय पोचलं, असं विचारलं तर उत्तर अवघड आहे. तेव्हा खाण रॉयल्टीचा निम्मा हिस्सा प्रांताला मिळत असे. तो एनुगूला येई, ओलोइबिरीला नाही. मे १९६७ मध्ये केंद्राने पूर्वेचे तीन तुकडे केले, ते अनेक अल्पसंख्याकांना हवेच होते.

नायजरकाठ

मधलीओळ, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत कच्ची बाजू.

१५ जानेवारी १९६६ च्या लष्करी बंडाबद्दल थोडक्यात. बलेवा, अहमदू बेलो आणि पश्चिमेचे प्रीमियर अकिंटोला मारले गेले. एनुगूत सैनिकांनी प्रीमियरच्या निवासाला वेढा घातला, पण त्या दिवशी सायप्रसचे अध्यक्ष आर्चबिशप मकारिओस तिथे पाहुणे होते, लागोसची राष्ट्रकुल परिषद आटपून आलेले. ओक्पारांनी पाहुण्यांना विमानतळावर निरोप दिला, पुढे ते वाचले. बंड करणारे बहुतेक अधिकारी इग्बो आणि इग्बो प्रीमियर जिवंत, यातून 'इग्बोंचा कट' हा समज पक्का झाला. त्यावर्षी उत्तरेत झालेल्या कत्तलींमागे हाही समज होता. युद्धात ते बियाफ्राचे प्रमुख ओजुक्वू यांचे सल्लागार होते. नंतर आयर्लंडमध्ये परागंदा, मग मायदेशी परत. १७ डिसेंबर १९८४ ला मृत्यू. इतकी वर्षं सत्तेत राहून स्वतःचं धड घर बांधलं नव्हतं, परतल्यावर चाहत्यांनी बांधून दिलं असं तिकडे सांगतात. उमुदिकेच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

रानमोगरा

वसाहतींचं आज काय आहे? झाडं उभी आहेत का?

तिसरा_फळा

इग्बारियामला आता राज्य विद्यापीठाचं आवार आहे. बोकी आणि एरेई १९६७ च्या वाटणीत दुसऱ्या राज्यात गेल्या, त्यामुळे एकाच योजनेच्या वसाहती वेगवेगळ्या सरकारांकडे आल्या.

झाडांचं गणित करून बघा. पाम २५-३० वर्षं फायद्याचा. १९६३ चं झाड १९९० च्या आसपास १०-१२ मीटरच्या वर जातं. बांबूला बांधलेला विळा तिथे पोचेनासा होतो, घड तोडायला पुन्हा दोर लावून चढावं लागतं आणि मजुरी तेलाच्या भावाला गाठते. तिथे झाड तोडून नवं लावणं हाच मार्ग. पण जमीन सरकारने घेतलेली, शेत वसाहतकऱ्याच्या नावावर, आणि मूळ गाव म्हणतं आमची. तिघांपैकी एकानेही झाडाला कुऱ्हाड लावली तर दुसरे दोघे हजर होतात. म्हणून अशा जुन्या राईत अजूनही दोर लावून चढणारा माणूस दिसतो.